उभी राहणारी कार्डं

नांदुऱ्यात स्टेशनच्या अंगाला जी आळी होती, तिथे कौशल्याबाईंच्या हातचं कार्ड गेलं नाही असं घर सापडलं नसतं. नवरा वामनराव रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. मुलगी एकच, वासंती. तीही लग्न होऊन खामगावला गेलेली. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. गावात छापखाना होता, पण तिथे जायचं ते लग्नाच्या पत्रिकेसाठी. बारसं, मुंज, डोहाळजेवण अशा घरगुती कार्याला बायका सरळ कौशल्याबाईंच्या ओसरीवर येऊन बसत. "बाई, तुमच्या हातची पंधरावीस कार्डं पाह्यजेत बरं," असं म्हणायचा अवकाश, कौशल्याबाई टाक आणि लाल शाईची बाटली पुढे ओढत. जाड कागद, कडेने कोयऱ्यांची वेल आणि मधोमध टपोरं अक्षर.

आमंत्रणाखेरीज त्यांनी आणखी एक नवी गोष्ट आळीत आणली होती. वामनराव एकदा भुसावळला एका साहेबाच्या निरोपाच्या जेवणाला गेले होते. तिथे प्रत्येकाच्या ताटापुढे त्याच्या नावाची चिठ्ठी होती, असं त्यांनी येऊन सांगितलं. झालं. पुढच्याच हळदीकुंकवाच्या फराळाला कौशल्याबाईंनी प्रत्येक पाटापुढे एकेक नावाचं कार्ड ठेवलं. वर सुपारी, वाऱ्याने उडू नये म्हणून. एरवी ज्यांना कोणी 'अमक्याची आई' नि 'तमक्याची जाऊ' म्हणत, त्या बायकांना आपलं नाव असं नटूनथटून समोर आलेलं पाहून काय वाटलं असेल! पानावरून उठताना कित्येकींनी कार्ड पदराआड घालून घरी नेलं.

तशा कौशल्याबाई मनाने वाईट नव्हत्या. कोणाच्या अडीअडचणीला धावून जात. पण दुसऱ्याची तारीफ त्यांना सोसत नसे. शेजारच्या पुष्पाबाईंची पुरणपोळी कोणी वाखाणली की घरी येऊन त्या भांडी आपटत. कार्डांच्या बाबतीत मात्र गावात त्यांच्या तोडीचं कोणी नव्हतं, त्यामुळे तिथे त्यांचं मन निवांत असे.

वासंतीला सातवा लागला, डोहाळजेवण माहेरी करायचं ठरलं आणि ती आठवडाभर आधीच नांदुऱ्याला आली. पोरीच्या डोहाळजेवणाची कार्डं कशी करायची, हे कौशल्याबाईंनी मनाशी केव्हाच योजलं होतं. तोच दोन दिवस आधी दारात टांगा उभा राहिला आणि वासंतीच्या सासू सुभद्राबाई हातात पत्र्याची पेटी घेऊन उतरल्या.

"ईनबाई, राहवलं नाही म्हणून लवकरच आली," विहिणीने हसत सांगितलं. "सुनेसाठी हिरवं लुगडं आणलं. आन् तुम्ही कार्डं करता असं वासंती सांगत होती, म्हणून माझी कात्रीबी आणली. दोघी मिळून करू."

कौशल्याबाईंनी तोंडभर "या, या" केलं, पण नजर त्या पत्र्याच्या पेटीवरच होती. पुष्पाबाई कुंपणावरून म्हणाल्याच, "व्याह्याच्या घरी अशी दोन दिवस आधी येते का वं कोणी?" कौशल्याबाईंना ते ऐकून फार बरं वाटलं.

दुपारी दोघी विहिणी ओसरीवर बसल्या. कौशल्याबाईंनी आपलं कार्ड पुढे केलं. सुभद्राबाईंनी ते डोळ्यांजवळ धरून पाहिलं. "माय वो, काय अक्षर आहे!" त्या मनापासून म्हणाल्या. मग त्यांनी एक कागद घेतला, दुमडला, कात्रीने इथे तिथे चार काप दिले, बोटाने आतून काहीतरी ढकललं आणि कार्ड मिटून कौशल्याबाईंच्या हातात दिलं. "उघडा."

कौशल्याबाईंनी उघडलं, तर आतून एक पाळणा उभा राहिला. कागदाचाच, कुठे चिकटवलेला नाही, कुठे शिवलेला नाही. कार्ड मिटलं की पाळणा आत निजायचा, उघडलं की पुन्हा उभा. नावाची कार्डंही सुभद्राबाईंनी तशीच केली. प्रत्येक कार्ड जमिनीवर आपलं आपण उभं राहायचं, वर एक पोपट मान वळवून बसलेला. सुपारीची गरजच नाही.

वासंती तर हरखून गेली. "आत्याबाई, मले तुम्ही हे कधी दाखवलंच नाही!" सासूला ती आत्याबाई म्हणे. ती सासूच्या खांद्याला टेकून बसली होती. कौशल्याबाई उठल्या. "दूध उतू जाईन," म्हणत आत गेल्या. चुलीवर दूध नव्हतंच.

त्या दोन दिवसांत त्यांचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. आमंत्रणाची कार्डं वाटून आलेली मोलकरीण सांगे, अमक्या घरी पोरं पाळणा उघडमीट करून राह्यलीत, तमकीने तो देवापाशी ठेवला. अक्षर कौशल्याबाईंचं होतं, पण अक्षराचं नाव कोणी काढेना. आपली एकुलती एक पोरगी ही बाई ओढून नेते आहे, म्हणूनच आपल्याला असं होतंय, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. आईच्या जिवाला एवढं वाटणारच, त्यात काय?

डोहाळजेवणाच्या सकाळी सुभद्राबाईंनी वासंतीच्या पाटापुढचं खास कार्ड करून फडताळात ठेवलं. कौशल्याबाईंनी ते हळूच उघडून पाहिलं. आत झोपाळा होता, त्यावर बसलेली बाई आणि मागे चंद्राची कोर. कार्ड हलवलं की झोपाळा हलायचा. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून त्यांनी ते कार्ड मिटलं आणि आपल्या ट्रंकेत लुगड्यांच्या खाली सारून दिलं. पाटापुढे त्यांनी स्वतःचं कार्ड ठेवलं. 'चि. सौ. वासंती', लाल शाईत, भोवती कोयऱ्या. वर सुपारी.

बायका जमल्या. वासंती हिरव्या लुगड्यात, फुलांच्या दागिन्यांनी मढलेली. पंगत मांडली आणि सुभद्राबाईंनी इकडे तिकडे पाहिलं. "ईनबाई, पोरीचं कार्ड कुठं गेलं वो?"

"गडबडीत कुठं पडलं असंन," कौशल्याबाई वाढता वाढता म्हणाल्या. "माझं आहे ना तिथं. राहू द्या."

"तुमचं तर राह्यलंच पाह्यजे," असं म्हणून सुभद्राबाई तिथेच जमिनीवर बसल्या. उरलेल्या कागदाचा एक तुकडा घेतला आणि सगळ्या बायकांच्या देखत कात्री चालवायला लागल्या. बायका वाढलेलं पान सोडून पुढे वाकल्या. बघता बघता कागदातून एक होडी तयार झाली, तिच्यात बाई, वर शीड. सुभद्राबाईंनी ती वासंतीपुढे उभी केली आणि सगळ्या पंगतीने टाळ्या पिटल्या. कौशल्याबाईंच्या हातातली कढीची पळी तशीच राहिली. एक लपवलं तर दुसरं त्याहून सरस उभं राहिलं होतं, आणि तेही सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

दुसऱ्या दिवशी सकाळी वासंती आईच्या ट्रंकेत मऊ जुनं लुगडं शोधत होती. ते हाती लागलं, आणि त्याबरोबर झोपाळ्याचं कार्डही. तिने कौशल्याबाईंना आत बोलावलं. सुभद्राबाई तेव्हा मागच्या अंगणात तुळशीला पाणी घालत होत्या.

"आई, हे इथं कसं?"

कौशल्याबाई ट्रंकेतली लुगडी नीट लावू लागल्या.

वासंती रागावली नाही, नुसती आईकडे पाहत राहिली. "मी आत्याबाईंजवळ जास्त बसली, याचं वाईट वाटलं का तुले?"

एवढं सोपं उत्तर पोरीनेच हातात दिलं होतं. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. वासंतीने गळ्यात हात घातले असते, दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं असतं, सगळं निभावलं असतं. कौशल्याबाईंनी तोंड उघडलंही. पण कार्ड समोर होतं आणि वासंतीच्या हातात तो झोपाळा हलत होता.

"नाही," त्या म्हणाल्या. "कार्ड चांगलं झालं म्हणून."

"काय?"

"तुझी सासू तुझ्यावर जीव टाकते, ते बरंच आहे. पण हे असं मले जमत नाही. जन्मभर करून राह्यली कार्डं, पण एक उभं नाही राह्यलं माझ्याच्यानं."

वासंती पोटाला हात लावून इतकी हसली की कौशल्याबाई घाबरल्या. "मग विचार ना त्यायले! काऊन जळत बसली?"

विचारणं सोपं नव्हतं. दुपारच्या गाडीने सुभद्राबाई जलंबला आणि तिथून खामगावला जाणार होत्या. जेवणं झाली, पेटी भरून झाली, तरी कौशल्याबाईंच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी टांगा आला तेव्हा त्या एकदम म्हणाल्या, "ईनबाई, ते उभं कसं राह्यते?"

सुभद्राबाईंनी टांगेवाल्याला थांबायला सांगितलं आणि ओसरीवर बसून कागद दुमडला. "कापायचं ध्यान सगळेच ठेवतात. कुठं कापायचं नाही, त्याचं ध्यान ठेवा. ही दांडी कागदाले लागलेलीच राहू द्या. आता आतून बोट घाला." कौशल्याबाईंच्या हातून पहिला कागद फाटला, दुसरा पाळणा पालथा झाला. सुभद्राबाईंनी त्यांचं बोट धरून तिसरा करून घेतला. तो उभा राहिला. गाडी चुकली, संध्याकाळच्या गाडीने निघावं लागलं, तरी त्या कुरकुरल्या नाहीत. जाताना आपली बारीक टोकाची कात्रीही ठेवून गेल्या. "माह्याजवळ दुसरी आहे."

टांगा वळला आणि कौशल्याबाई ओसरीवर बसून राहिल्या. ही विद्या आपल्याजवळ असती, तर आपण कोणाला अशी दिली असती का? नसती दिली. विहिणीचा हा दिलदारपणाही आपल्याजवळ नाही, याचा त्यांना कार्डाहून जास्त हेवा वाटला. हेव्याला काय, एक दार बंद केलं की तो दुसऱ्याने आत येतो.

वासंतीला मुलगी झाली. बारशाची कार्डं कौशल्याबाईंनी केली, सगळी उभी. आळीत बोलबाला झाला. "विहिणीकडून शिकल्या का बाई?" कोणी विचारलं की त्या म्हणत, "छे, करता करता जमलं." पुढची दोनतीन वर्षं त्यांनी हेच सांगितलं, आणि आळीनेही ते खरं धरलं. खामगावच्या घरी कधी जाणं झालं आणि तिथे सुभद्राबाईंनी नवं काही केलेलं दिसलं, कागदाचा मोर, कागदाचं देऊळ, की त्या घरी येऊन महिनाभर कागद फाडत बसत आणि वामनरावांवर चिडत.

एकदा वासंती माहेरी आलेली असताना पुष्पाबाई नातवाच्या मुंजीची कार्डं सांगायला आल्या. जुनं एक कार्ड उघडमीट करत त्यांनी सहज विचारलं, "हे तुमच्या डोक्यात आलं तरी कसं?"

वासंती पोरीची वेणी घालत होती. तिने मान वर केली नाही, पण हात थांबले.

कौशल्याबाईंनी तिचे थांबलेले हात पाहिले. "माझ्या नाही," त्या म्हणाल्या. "आमच्या ईनबाईनं शिकवलं. खामगावच्या सुभद्राबाईनं. ती माझ्याहून चांगलं करते."

पुष्पाबाई कार्डावरचं बटूचं चित्र निरखत होत्या. "हो का? बरं, मले तीस पाह्यजेत. आन् मंगळवारपर्यंत द्या बाई, उशीर नका करू."

वासंतीने तोंडाला पदर लावला. कौशल्याबाईंनी तिच्याकडे रागाने पाहिलं आणि कागद मोजायला घेतले.