राहिलेला हात

ट्रक सुटायची वेळ झाली आणि आईचा पत्ता नव्हता.

मी ट्रकच्या हौद्यात, आमच्याच घराच्या दारावर बसले होते. बाबांनी दार, खिडक्या, वासे, सगळं उचकटून ट्रकात आडवं घातलं होतं. धरणाला भिंती देईन पण लाकूड देणार नाही, असं आठवडाभर सगळ्यांना सांगत होते. माझा धाकटा भाऊ दत्ता गाठोड्याला टेकून झोपलेला. ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढेना, त्याला अंधाराच्या आत घोडेगाव गाठायचं होतं. तेवढ्यात बाजारपेठेच्या बोळातून आई पळत आली. एक हात पदराखाली धरलेला. बाबा कडाडले, "गाव बुडायला निघालं आन् हिला बाजार सुचतोय!" आई तशीच वर चढली, मला जवळ ओढलं आणि म्हणाली, "मागं बघू नको गं." मी अर्थातच बघितलं. दार नसलेलं आमचं घर बोळक्या तोंडाचं दिसत होतं.

आंबेगावकरांनो, तुमच्यातले निम्मे त्या दिवशी आमच्या मागच्या ट्रकांत होते आणि उरलेले पुढच्या महिन्यात निघाले. त्यामुळं जुन्या गावाचं वर्णन तुमच्यापुढं करत बसत नाही. नदीत पाणी तुंबलं, वर चढलं, आपण पांगलो. कुणी घोडेगावात, कुणी मंचरला, कुणी भोसरीत, कुणी पार शारजात. मी लग्नानंतर नवऱ्याच्या कंपनीमागं फिरत फिरत बंगळुरात आले. सातव्या मजल्यावर फ्लॅट, खाली सिक्युरिटी, मोबाईलवर गेट पास. इथल्या शाळेत गणित शिकवते, भाजीवालीशी 'स्वल्प कम्मी माडी' म्हणून घासाघीस करते, आणि घरात पोरांशी मराठीत बोलले की ती इंग्रजीत उत्तर देतात. शाळेतल्या बाईंनी एकदा गाव विचारलं. मी नाव सांगितलं, त्यांनी लगेच फोनवर नकाशा काढला आणि म्हणाल्या, "मॅडम, इधर तो सिर्फ पानी है." हो, म्हटलं, तेच.

बाबा गेले आणि मी आईला इकडं आणलं. पहिलं वर्ष बरं गेलं. मग ती गॅसवर रिकामं पातेलं ठेवायला लागली, नातवाला दत्ता म्हणायला लागली. तेही चाललं असतं हो. पण तिन्हीसांज झाली की बाई उठायची, पदर खोचायची आणि दाराकडं चालायला लागायची.

"कुठं निघालीस आई?"

"घरी. एकच हात झालाय माझा. चाचा थांबल्यात."

कसला हात, कोण चाचा, मला काही उमगेना. अडवलं की भांडायची. एकदा तर मला म्हणाली, "तू कोन गं मला धरनारी?" नाही अडवलं तर बाहेरच्या पॅसेजमध्ये जायची. आमच्या मजल्यावर दोन्ही बाजूंना फ्लॅटची दारं आहेत. ती एकेक दार ओलांडत बोलायची, "हे सोनाराचं. हे गुरवाचं. हितं पायरी हाय, बेतानं." टोकाला लिफ्ट. तिथं थबकायची आणि म्हणायची, "नदीला पानी वाढलंय, आज काय उतार मिळत न्हाई." मी हात धरून मागं आणायची. रोज तेच. आणि एक दिवस लक्षात आलं की गुरवाच्या दारापाशी मीही पाय उचलून टाकतेय. फरशी सपाट आहे तिथं! पायरी नाहीच. आमच्या शेजारच्या मल्याळी बाई दार उघडून बघत होत्या. मी हसून वेळ मारून नेली, आणि घरात येऊन कडी लावली. मला भीती वाटायला लागली होती. आईची नव्हे, गावाची. इतकी वर्षं पाण्याखाली गप पडून होतं, आणि आता माझ्या मजल्यावर येऊन राहिलं होतं.

इथं कुणाला सांगणार? हे ऑफिसातून आठला येतात. मैत्रिणी म्हणाल्या, चांगला होम बघ. तेव्हा फोनवरचा आपला गावचा ग्रुप उघडला. खरं सांगू का, राग मानू नका, पण तुमची गुलाबाची फुलं आणि सुप्रभात बघून मी ग्रुप कधीच म्यूट करून टाकला होता. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा कळस दिसल्याचे फोटो यायचे, तेवढे बघायची. त्या दिवशी मात्र दुपारी स्टाफरूममध्ये बसून सगळं लिहिलं. आई काय म्हणते, कशी निघते, मी कशी थकलेय. लिहिलं आणि लाज वाटून फोन पर्समध्ये टाकला.

शाळा सुटेपर्यंत तुम्ही ग्रुप भरून टाकला होता. भोसरीचे बबननाना, आपले रिटायर्ड कंडक्टर, त्यांच्या वडिलांचं असंच झालेलं. त्यांनी आवाज रेकॉर्ड करून पाठवला, "पोरी, तिला खोटं पाडू नको. गाव बुडालं म्हनून सांगशील तर तिच्यासाठी ते रोज नव्यानं बुडंल. बिनधास्त खोटं बोल. गाडी चुकली म्हन, उद्या जाऊ म्हन." मंचरच्या एकीनं लिहिलं, आधी स्वतः जेव गं. जिनं माझं तोंडही कधी बघितलं नाही अशा बाईनं मला जेव म्हणावं! मी बसमध्ये रडले, चांगली हुंदके देऊन रडले.

आणि संध्याकाळी एका परदेशी नंबरवरून फोन आला.

"मंगल का? मी मुमताज. मण्यारांची. शारजातनं बोलतीय. ग्रुपवर वाचलं तुझं."

मण्यारचाचांचं बांगड्यांचं दुकान बाजारपेठेत कोपऱ्यावर होतं, तुम्हाला आठवत असेल. मुमताज त्यांची धाकटी, माझ्याहून थोडी मोठी. शारजात शिलाईचं दुकान चालवते. तिनं सांगितलं ते असं. निघायच्या दिवशी आई तिच्या अब्बांकडं बांगड्या भरायला गेली होती. नव्या घरात जुन्या बांगड्यांनी जायचं नाही म्हणून. बाकी दुकानं उठून गेलेली, चाचा तेवढे बसलेले. त्यांनी आईचा एक हात भरला, दुसरा हातात घेतला आणि ट्रकचा हॉर्न वाजायला लागला. आई उठली. चाचा म्हणाले, वहिनी, असा एक हात मोकळा ठेवून जाऊ नका. आई म्हणाली, येते की, थांबा तुम्ही. आणि पळाली.

"अब्बांनी मरस्तोवर ते सांगितलं बघ," मुमताज म्हणाली. "शेवटचं गिऱ्हाईक, आन् एकच हात भरून गेलं. लई लागलं व्हतं त्यांना."

पुढं घोडेगावात आईनं कितीदा तरी दोन्ही हात भरले असतील. पण ते सगळं पुसलं गेलं होतं आणि तो एक मोकळा हात तेवढा उरला होता. मी फोन घेऊन पॅसेजमध्ये गेले. आई सोनाराच्या दारापर्यंत पोचली होती. व्हिडिओ चालू केला आणि तिच्यासमोर स्क्रीन धरली.

"काकू, मी मुमताज. अब्बा नमाजला गेलेत. येतीलच. तुमी घरात बसा, तुमचा नंबर कुनाला देनार न्हाई मी."

आई तिच्याकडं बघत राहिली. मग सरळ माघारी फिरली आणि सोफ्यावर जाऊन बसली. चहा मागितला! मला तर दत्तानं लॉटरी लागल्याचं सांगितलं असतं तरी एवढा आनंद झाला नसता.

मग रोजचंच झालं. तिन्हीसांजेला मुमताजचा फोन. आई विचारायची, चाचा कुठंयत? चाचा नमाजला गेलेत, येतीलच. आई शांत. मग आम्ही दोघी बोलत बसायचो. तिचं मशीन चालू, माझी पोळ्यांची कणीक चालू. कुणाच्या घरी काय शिजायचं, उरूसाला कोण नाचायचं, माझी पाळी जाताना होणारी चिडचिड, तिच्या लेकाची अबोल बायको. इतक्या वर्षांत मला अशी मैत्रीण मिळाली नव्हती, आणि मिळाली ती फोनच्या काचेपलीकडं.

एकदा मी म्हटलं, अगं, आपण बांगड्या भरूनच टाकू या ना आईच्या हातात. इथं मिळतात. तू फोनवर अस, मी भरते. मुमताजनं मशीन जोरात चालवलं. मग म्हणाली, पुढच्या आठवड्यात बघू. पुढच्या आठवड्यात म्हणाली, ईद होऊ दे. मला कळेना हिचं काय चाललंय. शेवटी मी थेट विचारलं. तर मशीन थांबवून म्हणाली, "मंगल, अब्बा गेले तवा मी दुसऱ्याच्या दुकानात कामाला व्हते, रजा न्हाई मिळाली. माती बी बघितली न्हाई मी. आता रोज तुझ्या आईला सांगते नमाजला गेलेत, आन् तेवढा वेळ मला बी वाटतं, गेलेतच. येतील. हात भरला तर मग अब्बा कशाला येतील गं?"

मी म्हटलं, राहू दे. भरायची काही घाई नाही.

पण घाई झाली. एक दिवस मुमताजचा फोन लागेना, तिच्याकडं नेट बंद पडलेलं. मी दुधापाशी उभी, आणि दार उघडं. पॅसेज रिकामा, लिफ्ट खाली. ज्या लिफ्टपाशी ती रोज अडायची, त्या दिवशी तिला उतार मिळाला होता. मी चपला न घालता जिने उतरले. सिक्युरिटीवाला म्हणाला, अम्मा गेली बाहेर. बाहेर म्हणजे सहा पदरी रस्ता! जिला 'पाणी द्या' एवढंही कन्नडमध्ये म्हणता येत नाही ती माझी आई त्या रस्त्यावर. मी तिच्या नावानं ओरडत धावले. बसथांब्याजवळ एका फुलवालीनं तिला आपल्या स्टुलावर बसवून ठेवलं होतं. आई तिला आपला मोकळा हात दाखवत होती आणि ती बाई काही न कळता मान डोलावत होती. मी आईला मिठी मारली आणि तिलाच रागावले.

रात्री मुमताजला सांगितलं. ती लगेच म्हणाली, "उद्या भरू."

दत्तानं घोडेगावातून खोडा घातलाच. "ताई, आई इधवा हाय. हिरवा चुडा भरतीस? लोक काय म्हनतील?" मी म्हटलं, कुठले लोक रे? ते सगळे पाण्याखाली गेले. आणि वर आहेत ते माझ्या ग्रुपवर आहेत, विचार त्यांना. तुम्ही कुणी एक शब्द वाकडा बोलला नाहीत. त्याबद्दल तुमचे उपकार मानायला हे लिहितेय असं समजा.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला फोन डब्याला टेकवून ठेवला. आईचा हात हातात घेतला. हाडं आणि कातडं, बस्स. मुमताज पलीकडून सांगत होती, "अंगठ्याचं मूळ आत दाब. काकू, हात ढिला सोडा. ढिला." हे ऐकल्याबरोबर आईनं हात सैल सोडला. एक बांगडी वाढली, काच टचकन वाजली. "वाढू दे," मुमताज म्हणाली, "दुसरी घे." एकेक करत हात भरला. आईनं तो वाजवून बघितला. मग वाकून फोनला हात लावला आणि कपाळाला नेला, बांगड्या भरल्यावर मण्याराला करतात तसा नमस्कार.

"चाचांना सांग, झाला हात. येते मी."

मुमताज स्क्रीनच्या जवळ आली. "या, काकू," ती म्हणाली. आवाज तिचा होता, पण बोलली ती अब्बांच्या जागी.

त्या दिवसापासून आई घरी जायचं म्हणाली नाही. दाराकडंही बघत नाही. पॅसेज पुन्हा नुसता पॅसेज झालाय. मला वाटलं होतं आता आई मला मिळेल. तसं काही झालं नाही. दिवेलागणीला ती सोफ्यावर ताठ बसते आणि लिफ्ट घरघरली की सोफ्याचा हात घट्ट धरते. ट्रकात बसलीय ती, आणि ट्रक निघालाय. परवा तिनं मला एकदम जवळ ओढलं आणि म्हणाली, "मागं बघू नको गं." मी मागं बघितलं. आमचंच दार, उघडं. उठून लावून घेतलं, पण नंतर बराच वेळ तिकडं पाठ करून बसवेना.

गाव पाण्यात आहे, तिथंच राहणार. घोडेगावच्या घराला बाबांनी जुनं दार बसवलं, ते दत्ताचं घर. इथला फ्लॅट बँकेचा. मला कुणी घर कुठलं म्हणून विचारलं तर आता मी नकाशा काढू देत नाही. कुणीतरी जरा बाहेर गेलंय आणि येईलच, असं जिथं आपल्याला सांगतात, ते माझं घर. मग ते शारजातल्या शिलाईच्या दुकानात का असेना.

मुमताजचा फोन अजून येतो, त्याच वेळी. पहिले काही दिवस नुसतंच ती मशीन चालवायची, मी कणीक मळायची. मग काल ती म्हणाली, "मंगल, एकदा इचार ना."

"काय?"

"काकू इचारायच्या ते."

मी पिठाचे हात पुसले. "मुमताज, चाचा कुठंयत गं?"

पलीकडं मशीन थांबलं.

"नमाजला गेलेत," ती म्हणाली. "येतीलच. बस तू."

मी बसले.