पुसलेली तीट

तान्ह्या लेकराचा गाल किती मऊ असतो! रुमालाआडूनही तो बोटांना जाणवतो. ऊबदार, जरा जोर दिला तर विरघळून जाईल की काय, असा. गेल्या हिवाळ्यात असा एक परका गाल मी पुसला. तेव्हापासून कुणाचं लहान मूल जवळ आलं, की माझा हात आपोआप मागे येतो.

आमचं गाव बदनापूर. कॉलेजसाठी मी रोज रेल्वेने जालन्याला जाते. घरात कॉलेज बघितलेली मीच पहिली, त्यामुळे माझ्या हातून काही चुकू नये याची धास्ती मला सदैव असते. एक दिवस इंग्रजीच्या मॅडमनी मला बोलावलं. हॉलंडहून एक गृहस्थ शेतीच्या अभ्यासासाठी आमच्या गावी आले होते. ते दिवसभर शिवारात असायचे आणि त्यांच्या पत्नीला दोन लहान मुलांना घेऊन गाव बघायचं होतं. मी सोबत जावं, असं मॅडमचं म्हणणं. केवढा आनंद झाला होता मला! गावातल्या देवळाविषयी चार इंग्रजी वाक्यं मी पाठ करून ठेवली.

पण त्या बाईंना देऊळ नको होतं. तुम्ही तेल कुठे घेता, दळण कुठे आणता, तुमची मुलं कुठे खेळतात, ते मला दाखव, असं त्या हसून म्हणाल्या. पाच वर्षांची आना त्यांचं बोट धरून होती आणि वर्षाचा यान कडेवर.

लहान मुलांना घेऊन परमुलखात हिंडणाऱ्या माणसाला घाई करता येत नाही, हे मला त्या सकाळी कळलं. आना गिरणीच्या दारात थबकली आणि उडणाऱ्या पिठाकडे कितीतरी वेळ बघत राहिली. मग एका शेळीपुढे बसली. मग तिला तहान लागली, मग यान रडला, म्हणून आम्ही शिंप्याच्या पायरीवर टेकलो. भव्य असं काही पाहायला मुलांच्या डोळ्यांना सवड कुठे असते? त्यांना जे दिसतं ते गुडघ्याएवढ्या उंचीवरचं, अगदी जवळचं जग. आणि त्यांच्यामागून जाणाऱ्या आईलाही मग तेच दिसू लागतं. ज्या गल्ल्यांतून मी रोज मान खाली घालून स्टेशनकडे पळते, त्या गल्ल्या या बाई चवीने बघत होत्या. आणि मी? मी उघड्या गटाराच्या बाजूने चालत होते, म्हणजे माझ्याआड ते झाकलं जाईल! आपलंच गाव आपल्याच ओढणीने झाकू पाहणारी माझ्यासारखी वेडी दुसरी कोण असेल!

आमच्या गल्लीत शिरलो तेव्हा बायका उन्हाला बसल्या होत्या. शेजारच्या शांताकाकूने लांबूनच आवाज दिला, "आगं सुमे, कुठून आणली ही पाव्हणी? आन् तू तर बिलकुल मडमिणीवाणी विंग्रजी बोलून राह्यली!" दुसरी म्हणाली, "त्या लेकराचे डोळे तर बघा, मांजरावाणी निळे!" सगळ्या हसल्या. त्या बाईही हसल्या. मला तेवढं हसू आलं नाही.

इतक्यात आई घरातून आली. कापूस वेचून चिरा पडलेल्या हातात तिची काजळाची डबी होती. काही कळायच्या आत तिने यानच्या गालावर बोट टेकवलं. काळीभोर, ठळक तीट! "लई देखणं लेकरू हाय," ती म्हणाली. "गावभर हिंडून राह्यलं. नजर लागंल न्हाई का मंग?"

यान तिच्याकडे बघून खुदकन हसला. आणि मी, "सॉरी मॅडम, सॉरी," म्हणत रुमाल काढून तो गाल पुसायला लागले. घरचं काजळ असं निघतं का? ते अर्ध्या गालभर पसरलं. मी आणखी जोर दिला आणि यानने भोकाड पसरलं.

त्या बाईंनी माझा हात हळूच बाजूला केला. रागावल्या नाहीत. हे कशासाठी असतं, एवढंच त्यांनी विचारलं. मला ठाऊक नव्हतं का? माझ्या गालावर, माझ्या तळपायावर हेच बोट कितीदा टेकलं असेल! पण मी इंग्रजीत म्हणाले, "कशासाठीच नाही." आईला इंग्रजी येत नाही. माझा चेहरा मात्र तिला वाचता येतो. तिने डबीचं झाकण लावलं आणि पाहुणीसाठी चहा ठेवायला ती आत गेली.

बिऱ्हाडी त्यांना पोचवून मी परतले, तेव्हा बायका अजून ओट्यावरच होत्या. मी कोपऱ्यावर होते, त्यांना दिसत नव्हते.

"तुझ्या लेकीनं तर सगळ्यांदेखत तुझं काजळ पुसलं की गं," शांताकाकू आईला म्हणत होती. "कालेज शिकली ना! आता माय कशाला बराबर वाटंल?"

"आगं, म्याच खुणावलं तिला," आई म्हणाली. "परदेशातल्या लेकराची कातडी कवळी. फोड आला असता मंग? म्या हुरळून गेल्ते, तिच्या बराबर ध्यानात आलं."

पुढे होऊन खरं सांगावं, असं फार वाटलं. पण मी तोंड उघडलं असतं, तर माझी लाज राखायला चारचौघींत ती जे खोटं बोलली होती, ते उघडं पडलं असतं. मग तिला कुणी काय म्हटलं असतं? मी तिथेच उभी राहिले. बायका उठून गेल्यावर घरात शिरले.

आई भाकरी थापत होती. तिच्याजवळ बसून मी कसंबसं म्हणाले, "माय, मघाशी..." तिने मान वर केली नाही. तव्यावरची भाकरी उलटत तिने एवढंच विचारलं, "लेकरू उगी राह्यलं का गं मंग?"

हो म्हणाले मी. तिच्या त्या प्रश्नात माझ्याविषयी काहीच नव्हतं. थोडा राग तरी असायला हवा होता, असं मला अजून राहून राहून वाटतं.