अर्धं पेडल

“काका, सूर मध्येच तुटतोय. मला तो हळूहळू विरायला हवाय,” रेवती म्हणाली. मी कपाळाला हात लावला. संध्याकाळी तिचा कार्यक्रम, आणि नगरच्या त्या शाळेच्या हॉलमधला पियानो माझ्याहून म्हातारा.

मी पियानो ट्यूनर. तारा सुरात लावतो, आतली डागडुजी करतो. बहुतेक तारांवर फेल्टची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, एक गादी असते, तिला डॅम्पर म्हणतात. ती तारेवर बसली की सूर बंद. उजवं पेडल दाबलं की सगळ्या गाद्या उचलल्या जातात आणि सूर घुमत राहतात. रेवतीला पेडल अर्धंच दाबायचं होतं. म्हणजे गाद्या तारेला जेमतेम टेकलेल्या. ती वाजवणार होती ते फ्रेंच संगीतच तसं, एक सूर जायच्या आत दुसरा त्यात मिसळतो. इथं मात्र काही गाद्या आधी उठत, काही मागून.

मी म्हटलं, ताई, एवढं कोणाला कळणार आहे? तिनं पेडलवरचा पाय काढला.

“तात्या येणारेत राहुरीहून.”

तात्या म्हणजे तिचे वडील, मुळा कालव्यावरचे निवृत्त पाटकरी. शेताशेताला पाणी सोडण्यात हयात गेली. पोरगी परदेशात नावाजली, पण यांनी तिला ऐकलं एकदाच, तेही मध्येच उठून गेले. ‘ह्या वाजवण्याला चालच न्हाई,’ म्हणाले होते. त्यानंतर आज ती त्यांना पहिल्यांदा बोलावत होती.

मग काय, बसलो. एकेक गादी, एकेक स्क्रू. ती एखादा सूर दाबायची आणि डोळे मिटून ऐकायची. हॉलभर ऊन तरंगत होतं. मलासुद्धा गुंगी यायला लागली. दुपार कशी सरली, देव जाणे.

संध्याकाळी तिनं वाजवलं. काय सांगू! सूर कुठून निघाला नि कुठं गेला, कळेना. पंखे, खुर्च्या, माणसं, सगळं लांब गेल्यासारखं झालं. मी चोरून तात्यांकडे बघत होतो. ते जागचे हलले नाहीत.

शेवटी तिनं हात उचलले. पाय पेडलवरच होता. लोकांनी टाळ्या सुरू केल्या, आणि तात्या ताडकन उभे राहिले. मला वाटलं, आताही उठून चालले.

“दमा की जरा. चारीत पानी हाय अजून.”

वर कालव्याचं दार बंद केलं तरी शेताच्या चारीत पाणी वाहत राहतं, हे आमच्याकडे कोणाला समजावायला नको. टाळ्या थांबल्या. शेवटचा सूर विरेपर्यंत अख्खा हॉल गप्प. रेवती तशीच बसलेली, डोळे पुसायचंही भान नाही.

आता कुठलंही काम झालं की मी एक सूर दाबतो आणि तो पूर्ण संपेपर्यंत बोलत नाही. गिऱ्हाइकांना वाटतं, म्हाताऱ्याला डुलकी लागली. वाटू दे.