कोंबडीविना खुराडं
ओल्या राखेचा वास आला की मला जिंतूरकडच्या आमच्या गावातली एक संध्याकाळ आठवते आणि मान खाली जाते. शेजारच्या एकट्या राहणाऱ्या काकूंनी नवं खुराडं लिंपून तळाला राख पसरली होती. इतके दिवस डालग्याखाली वाढलेली पिल्लं त्या दिवशी पहिल्यांदाच आत जायची होती. अंधारून आल्यावर काकूंनी आधी कोंबडी आत सोडली, आणि तिच्या हाकेमागे पिल्लं धडपडत शिरली. मी कुंपणाशी उभा राहून काकूंना वेठबिगारीविरुद्धचं पत्रक वाचून दाखवत होतो. एवढ्यात कोतवाल आला. "गिरदावर साहेब मुक्कामाला हायेत. पाटलांनी कोंबडी आणाया सांगितलंय." गिरदावर म्हणजे महसूल तपासायला येणारा सरकारी अधिकारी, आणि पाटील म्हणजे माझे वडील. आमचं खुराडं भरलेलं होतं, पण साहेबांची कोंबडी नेहमी दुसऱ्याच्याच दारातून यायची. "ही नको रं बाबा," काकू म्हणाल्या, "पिल्लं लय बारकी हायेत, आईबिगर गारठून मरतील." मग माझ्याकडे वळल्या. "धाकलं पाटील, तुमी तेच वाचायलाव न्हवं? सांगा की ह्येला." वडिलांचा हुकूम मोडायचा म्हटल्यावर मी पत्रकाची घडी घालून ते खिशात टाकलं. कोतवालानं कोंबडी पाय धरून उलटी नेली. काकूंनी चिवचिवणारी पिल्लं पुन्हा बाहेर काढली, पदरात घेतली आणि माझ्याकडे न बघता घरात गेल्या. आज माझी पत्रकं वाचून लोक म्हणतात, पोराच्या लेखणीत आग आहे. त्या रात्री मी साहेबांच्या पंगतीला बसलो आणि पोटभर जेवलो, हे त्यांना ठाऊक नाही.