साहेब पडले, आता हुकूम कुणाचा?

पेन्शनीत निघालेला फौजी घरी दोन गोष्टी आणतो. एक लोखंडी ट्रंक, दुसरे किस्से. ट्रंक एकदा भरली की झाकण लागतं. किश्श्यांना झाकणच नाही! पोलादपूरच्या एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात आम्ही एकाच पलटणीतले चार पेन्शनर रोज सकाळी बसायचो, तेव्हाचे हे. मी चौथी पास. पण खोटं सांगत नाही.

त्या वर्षी पेपरात इराकच्या लढाईच्या बातम्या यायच्या. हॉटेलवाल्याने विचारलं, "काका, वरचा साहेब गेला की फौज लढते का वो?"

आमच्या चौघांतला धोंडू हवालदार चहा बशीत ओतत म्हणाला, "आमचा कंपनी कमांडर रोज दोन ते चार झोपायचा. तवा काय आम्ही बंदुका खाली ठेवत होतो?"

*

पण खरं सांगायचं तर साहेब नसला की घोळ होतो. एकदा आमचे मेजर साहेब महिनाभर रजेवर गेले. मागे दोन कॅप्टन, दोघेही सारख्याच नोकरीचे, कुणी कुणाला मोठा नाही. पहिले म्हणाले, "मोर्चे इथे खणा." आम्ही छातीएवढे खड्डे खणले. दुसरे आले. "हे कुठल्या गाढवाने खणले? बुजवा!" बुजवले. पुन्हा पहिले आले. पुन्हा खणले. पुन्हा बुजवले.

मेजर साहेब परत आले आणि सपाट जमीन बघून लाल झाले. "महिनाभर काय झोपा काढल्या? एक खड्डा नाही!"

*

उतेकर साहेब आमचे सुभेदार, आमची तीस जणांची प्लाटून त्यांच्याच हाताखाली. पोलादपूर तालुक्यातलेच. रिटायर झाले तरी सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानावर आम्हा माजी सैनिकांची परेड तेच घ्यायचे. एका वर्षी त्यांनी नवी कवळी बसवली होती. "परेड..." एवढं खणखणीत आलं. पुढचं "थम" यायच्या आधी कवळी हातात आली!

हुकूम नाही, तर थांबायचं कसं? आम्ही फाटकातून सरळ बाहेर, हायवेवर. महाडकडे जाणाऱ्या एसटीने करकचून ब्रेक मारला. ड्रायव्हर ओरडला, "ओ काका, चाललात कुठं?"

धोंडूने मान वळवली नाही. "आमाला काय म्हाईत? साहेबांना विचार!"

*

आता नोकरीतली गोष्ट. सरावाच्या लढाईत अंपायर असतो. दंडाला पांढरी पट्टी लावलेला अफसर. तो मोठ्या साहेबांकडे बोट दाखवून म्हणतो, "तुम्ही मेलात." मग खालच्यांचं काय होतं, ते तो बघतो. आमचे मेजर साहेब असे सकाळीच मेले. बाभळीखाली बसले, थर्मास उघडला आणि तिथून हुकूम द्यायला लागले.

अंपायर म्हणाले, "सर, मेलेला माणूस बोलत नाही."

दासगावचा एक गडी आमचा वायरलेसवाला होता. त्याने वर खबर दिली, "बडा साब मर गये. तबियत ठीक है. चाय पी रहे हैं!"

*

त्याच दिवशी दुपारी अंपायरने उतेकर साहेबांना मारलं. साहेब काटेकोर माणूस. मेले म्हणजे मेले. गरम वाळूत पालथे पडले, डोळे मिटले, हूं की चूं नाही.

पुढे सुरुंगाचं मैदान. त्यातली वाट नकाशावर लाल पेन्सिलीने काढलेली. आणि नकाशा साहेबांच्या छातीच्या खिशात!

अंपायरने घड्याळ बघितलं. "दहा मिनिटं. नाहीतर अख्खी प्लाटून मेली असं लिहीन."

आता हुकूम धोंडू हवालदाराचा. मी म्हणालो, "धोंडू, नकाशा काढ."

"मी नाय हात घालणार. साहेब सांजच्याला जित्ते होणार हायत. मग माझं काय?"

"मग कोण काढणार?"

"मी हुकूम देतो. तू काढ!"

मी तेव्हा नाईक. हवालदारकीचा माझा कागद उतेकर साहेबांच्या सहीसाठी पडून होता. शिक्षण कमी म्हणून दोनदा मागे राहिलो होतो. तिसऱ्यांदा राहिलो तर थेट घरी. आणि उतेकर साहेबांच्या नुसत्या टोपीला हात लावला म्हणून एक शिपाई पंधरा दिवस पाठीवर वजनाने भरलेला पिठ्ठू घेऊन मैदानाला फेऱ्या मारत पळाला होता.

"पाच मिनिटं," अंपायर म्हणाले.

तीस माणसं माझ्याकडे बघत होती. मी गुडघा टेकला. "माफी, साहेब," म्हणालो आणि छातीखाली हात घातला. साहेबांचं वजन नव्वद किलो. हात खिशापर्यंत जाईना.

"दोन मिनिटं."

मेलेले उतेकर साहेब डोळे न उघडता हळूच उताणे झाले.