आबांच्या टाळूचं झाकण

तुळशीच्या लग्नानंतरचा सोमवार. कवळीची रक्कम अठरा हजार, पैकी दहा आगाऊ दिले. हजर तिघं: पिरंगुटच्या दातांच्या डॉक्टरबाई, माझे वडील म्हणजे आबा, आणि मी.

आदल्या वर्षी आबांच्या वरच्या जबड्यातली गाठ काढली, तेव्हा डावीकडचे दात आणि टाळूचा तुकडाही गेला. तिथं भोक राहिलं. घोटभर पाणी प्यायलं तरी नाकातून यायचं, बोलणं सगळं नाकात. आमच्या मालेत निम्मं गाव नात्यातलं, पण आबांनी कुणाच्या ओट्यावर बसणं सोडलं. भातकापणीला शेतावर यायचे; जेवायला मात्र एकटे बांधापलीकडे जायचे.

डॉक्टरबाईंनी तीन खेपांत काढता-घालता येणारी कवळी बनवली. उरलेल्या दातांना पकडणाऱ्या तारेच्या कड्या आणि वर भोकात बसणारा फुगवटा. तो आतून पोकळ ठेवला. भरीव केला तर वजनानं कवळी खाली ओढली जाते, असं त्यांनी समजावून सांगितलं. तिसऱ्या खेपेला दवाखान्यातच आबा कपानं पाणी प्यायले. नाकात थेंब आला नाही.

घरी पहिल्याच घोटाला पाणी नाकातून आलं. आबांनी कवळी काढून वाटीत ठेवली. "माझं आता आसंच."

दुसऱ्या दिवशी त्यांना बळेच नेलं. डॉक्टरबाईंनी कपानं पाजलं, काही गळेना.

"घरी कसं प्यायलात, आबा?"

"कसं म्हंजी? तांब्यानं, वरनं."

"मान मागे टाकून?"

"मग? शेतावर एका तांब्यावर धा मानसं. त्वांड लावून उष्टा करू व्हय?"

डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. "मी सगळं माप सरळ मानेनं घेतलं! सांगायचं नाही का?"

"तुमी इचारलं न्हाई."

त्या हसल्या. फुगवट्याच्या मागच्या कडेला माप घ्यायचा मऊ मसाला लावून त्यांनी आबांना मान मागे टाकायला, वळवायला, गिळायला लावलं. त्या मापानं कड वाढवली आणि हातात तांब्या दिला. आबांनी तो वरून, एका दमात रिकामा केला. नाक कोरडं.

भातझोडणीला आबा सगळ्यांच्या पंगतीत बसले. एकानं मुद्दाम विचारलं, "आज हिकडं कसं काय?"

"तुझं ताट लवकर संपतंय का बघाया," आबा म्हणाले. सगळ्यांना नीट ऐकू गेलं.

पुढच्या सोमवारी ते एकटेच एसटीनं पिरंगुटला गेले. राहिलेले आठ हजार त्यांनी डॉक्टरबाईंच्या हातात दिले. दुरुस्तीचे बाईंनी काही घेतले नाहीत. आबांनी नेलेला पायलीभर नवा इंद्रायणी तांदूळ मात्र घेतला.