लुनावरची बाई

नव्वदच्या दशकात मी पिपरी मेघेत राहत होतो. रोज संध्याकाळी एक बाई आमच्या गल्लीतून लुना पळवायची. मागे नवरा तिला घट्ट धरून बसलेला. हॉर्न बिघडलेला, म्हणून ती स्वतःच ओरडायची, "बाजूले व्हा जी, मले ब्रेक जमत नाई!" कोंबड्या, म्हातारे, सायकलवाले, सगळे पळायचे.

एकदा दोघं आमच्या फाटकासमोरच्या रेतीच्या ढिगात शिरले. मी धावलो. लागलं नव्हतं.

"येत नाही तर चालवता कशाला?" मी विचारलं.

केसातली रेती झटकत ती म्हणाली, "सांज झाली का याचे पाय दारूकडे वळते जी. गाडीवर बसवलं का पाय जमिनीले टेकतच नाई! कधी हा उतरून पळते, पिऊन येते. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बसवतो."

रेतीत बसलेला नवरा हे ऐकून खो खो हसू लागला. ती त्याच्याकडे बघतच राहिली.

"न पिता हासून राह्यला हा," ती हळूच म्हणाली, आणि मग तिलाही हसू आवरेना.

त्यानंच लुना उभी केली. "चाल, आणखी एक चक्कर मार," तो म्हणाला.

ती अशी सुटली, की मी फाटकावर चढलो.